मांजर म्हणजे पार्सल नव्हे

शाळांचे निकाल लागले की बदल्या, नव्या नोकऱ्या आणि घर हलवण्याचा हंगाम सुरू होतो. फ्रिज, कपाट, वॉशिंग मशिन यांची यादी होते, पॅकर्सवाल्यांकडून दोन-तीन ठिकाणचे दर मागवले जातात, सामानाचा विमा काढायचा की नाही यावर घरात चर्चा होते. मांजराचा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो. त्याला पुण्याहून बंगळुरूला किंवा मुंबईहून दिल्लीला न्यायचे कसे? मग मोबाइलवर शोधाशोध होते, गोंडस छायाचित्रे आणि भरपूर कौतुकाचे शेरे असलेली एखादी ‘पेट ट्रान्सपोर्ट’ सेवा सापडते, अर्धे पैसे आगाऊ भरले जातात आणि ठरलेल्या दिवशी एक अनोळखी माणूस दाराशी येऊन पिंजरा घेऊन जातो. पुढचे पंधरा-सोळा तास त्या जिवाचे काय होते, हे फोनवर जेवढे सांगितले जाईल तेवढेच घरच्यांना कळते.

अशा सेवांची गरज खरी आहे. प्रत्येकाकडे स्वतःची गाडी नसते, प्रत्येकाला दोन दिवसांची रजा मिळत नाही, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांसह सामान हलवताना मांजर सोबत नेणे काहींना शक्यच नसते. या व्यवसायात मनापासून काम करणारी माणसेही आहेत. अडचण आहे ती निवडीच्या पद्धतीत. दर आणि शेरे पाहून फ्रिज हलवणारा निवडता येतो. मांजराची जबाबदारी घेणारा निवडायचा तर प्रवासात त्याच्या शरीराला काय सोसावे लागते हे आधी समजून घ्यावे लागते. ते समजले की कोणते प्रश्न विचारायचे हेही आपोआप कळते.

गप्प बसणे म्हणजे शांत असणे नव्हे

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांजर आपल्या परिसराची ओळख मुख्यतः वासाने पटवते. गाल आणि अंग दारा-खुर्च्यांना घासून ते आपल्या गंधाच्या खुणा ठेवत असते, आणि त्या खुणांच्या आधारानेच त्याला सुरक्षित वाटते. गाडीत ठेवल्याबरोबर या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात. त्यात इंजिनाची थरथर, हॉर्न आणि अनोळखी माणसांचे हात यांची भर पडते.

अशा वेळी काही मांजरे ओरडतात, काहींना लाळ सुटते, उलटी होते. बरीचशी मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून, कान मागे पाडून निश्चल बसतात. ‘अगदी शांत आहे, काही त्रास नाही’ असा निरोप ड्रायव्हरकडून येतो तो अशाच मांजराबद्दल. प्रत्यक्षात ही भीतीने गोठलेली अवस्था असते. शिकार करणारा आणि मोठ्या प्राण्यांकडून शिकार होणारा, असा हा दुहेरी जीव असल्याने दुखणे आणि भीती लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. म्हणून मांजर सांभाळणाऱ्याला त्याची देहबोली कळणे हे सौजन्य नसून कौशल्य आहे, आणि कुत्र्यांचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला ते असतेच असे नाही.

या भीतीचे परिणाम प्रवास संपल्यावरही राहतात. लहानपणी नाक-डोळ्यांचा विषाणूजन्य संसर्ग झालेल्या मांजरांत नागीण गटातील विषाणू शरीरात सुप्त राहतो आणि ताणानंतर पुन्हा डोके वर काढतो. प्रवासानंतर आठवडाभरात शिंका, डोळ्यांतून पाणी सुरू होते. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते. नर मांजरात मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो.

उष्णता, औषध आणि फिनेल

रस्त्याच्या प्रवासात सगळ्यात मोठा धोका उष्णतेचा. मांजराला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजाच्या गाद्यांना; शरीर थंड करण्याची त्याची सोय अगदी तोकडी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतले तापमान मोजले. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ढाब्यावर जेवायला थांबलेला ड्रायव्हर एसी बंद करून अर्धा तास गेला, तर मागच्या पिंजऱ्यात काय होत असेल याचा यावरून अंदाज येतो. कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचेच. मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले, तर मात्र ते धोक्याचे लक्षण समजून ताबडतोब गाडी थंड करून जवळचा पशुवैद्यक गाठायचा असतो. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांत हा धोका आणखी वाढतो. शहरांत हीच मांजरे हौसेने पाळली जातात, म्हणून हे विशेष सांगायचे.

दुसरा धोका औषधांचा. ‘आम्ही झोपेचे औषध देतो, पोहोचेपर्यंत कळतही नाही,’ असे कोणी सांगितले तर तिथेच थांबावे. काही गुंगीची औषधे मांजराला निपचित करतात, पण भीती कमी करत नाहीत. शिवाय रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते. म्हणूनच हवाई वाहतुकीत प्राण्यांना गुंगी देऊन पाठवू नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्यक आज भीती कमी करणारी अधिक सुरक्षित औषधे देऊ शकतात. मात्र ती तपासणीनंतर, वजनानुसार आणि प्रवासाच्या काही दिवस आधी घरी एकदा देऊन पाहिल्यावरच वापरायची असतात. ते काम ड्रायव्हरचे नाही. माणसांची तापाची पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच आहे. अर्ध्या गोळीनेही मृत्यू होऊ शकतो.

तिसरा धोका स्वच्छतेतून येतो. एकाच गाडीतून रोज वेगवेगळे प्राणी नेले जातात. मांजरांतील पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा विषाणू पिंजऱ्यात, गादीत महिनोन् महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. उलट आपल्याकडे स्वच्छतेची खूण मानले जाणारे फिनेल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. फिनेलने पुसलेल्या पिंजऱ्यात बसलेले मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात घेते. पातळ केलेल्या ब्लीचने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उन्हात वाळवलेला पिंजरा ही योग्य पद्धत. त्याहून चांगले म्हणजे मांजराने स्वतःच्याच, घरच्या वासाच्या पिंजऱ्यातून जाणे.

कायदा आहे, दरारा नाही

बहुतेक मांजरपालकांना माहीत नसते, पण या विषयावर आपल्याकडे जवळपास अर्ध्या शतकापासून नियम आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९७८ मध्ये प्राणी वाहतुकीचे नियम करण्यात आले, आणि त्यात कुत्री-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणी प्रवासाला योग्य आहे, त्याला संसर्गजन्य आजार नाही, असे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र नसेल तर वाहतूकदाराने प्राणी स्वीकारूच नये, असे ते सांगतात. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यातील मांजरी नेता येत नाही. निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी खाणे-पाणी झालेले असावे. लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, मोठ्या मांजराला बारा तासांतून एकदा आणि पिलांना दर चार तासांनी खाणे द्यायचे. रस्त्याने सार्वजनिक वाहनातून नेताना पिंजरा टपावर ठेवायचा नाही, तो वाहनाच्या आतच हवा. शक्यतो एकसारखा वेग राखायचा, अचानक ब्रेक मारायचे नाहीत. आणि किमान एक सोबती पूर्ण वेळ प्राण्यांजवळ हजर हवा. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर तिथेही खाणे-पाणी पाहणारा सोबती लागतो.

नियम नेमके आणि शहाणपणाचे आहेत. पण ज्या कायद्याच्या आधारे ते उभे आहेत, त्यातील क्रूरतेबद्दलचा दंड आजही पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये एवढाच आहे. एवढ्या रकमेत महामार्गावर धड जेवणही मिळत नाही. दंडाच्या धाकाने कोणी नियम पाळील अशी आशा करण्यात अर्थ नाही. संसदेने ही रक्कम वाढवायला हवी, ही मागणी जुनी आणि रास्त आहे. तोपर्यंत या नियमांना जोर येईल तो ग्राहकाच्या प्रश्नांमुळेच.

चांगली सेवा स्वतः प्रश्न विचारते

विश्वासू सेवेची पहिली खूण अशी, की ती पैशांबद्दल बोलण्याआधी मांजराबद्दल विचारते. वय किती, जात कोणती, नसबंदी झाली आहे का, लसीकरण केव्हाचे, कुठला आजार किंवा औषध चालू आहे का, पूर्वी प्रवास केला आहे का, अनोळखी माणसाने हात लावला तर काय करते? ज्याला पुढचे पंधरा तास हे मांजर सांभाळायचे आहे, त्याला ही माहिती लागतेच. ‘पत्ता पाठवा, उद्या गाडी येते’ एवढेच म्हणणाऱ्याला मांजर आणि मिक्सर यांत फरक वाटत नाही.

दुसरी खूण नकाराची. आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर घेणार नाही, मेच्या दुपारी गाडी काढणार नाही, पहाटे निघू. इतक्या लहान पिलाला नेणार नाही, चपट्या नाकाच्या मांजरासाठी आधी पशुवैद्यकाचा सल्ला आणा. असे सांगणारा ग्राहक गमावण्याची जोखीम घेत असतो. प्रत्येक गोष्टीला ‘होऊन जाईल’ म्हणणारा ती जोखीम मांजरावर ढकलतो.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष गाडी चालवणारा कोण? बुकिंग एकाने घ्यायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे, ही पद्धत या व्यवसायात आहे. ज्याच्याशी फोनवर बोलणे झाले तो आणि दाराशी येणारा यांचा एकमेकांशी संबंध काय, हे आधी विचारावे. ड्रायव्हर आणि सोबती यांची नावे, फोन क्रमांक, गाडीचा नंबर निघण्याच्या आदल्या दिवशी लेखी मिळायला हवे. सोळा तासांच्या प्रवासात ड्रायव्हर एकटाच असेल तर मांजराकडे कोण पाहणार आणि त्याला झोप कधी मिळणार, हा प्रश्न मांजराइतकाच रस्त्यावरच्या सगळ्यांच्या सुरक्षेचा आहे.

चौथी गोष्ट, गाडीत आणखी कोण असेल? इथे साधा हिशेब उपयोगी पडतो. पुणे ते बंगळुरू हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. गाडी रिकामी परत येणार धरली तर १,६८० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर धरले तरी इंधनच १४० लिटर लागते. त्यावर टोल आणि दोन माणसांची मजुरी. सांगितलेला दर नुसत्या इंधनापेक्षाही कमी असेल, तर गाडीत इतर प्राणी असणार किंवा ती वाटेत सामान उचलणार, हे उघड आहे. भागीदारीतला प्रवास मुळातच वाईट नाही. पण शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा कुत्रा असणार का, किती ठिकाणी गाडी थांबणार, त्यामुळे किती तास वाढणार, हे आधी सांगितले गेले पाहिजे.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची चौकशी दाराची. प्रवासात मांजर हरवते ते बहुधा एका क्षणात. साफसफाईसाठी पिंजरा उघडला जातो, त्याच वेळी गाडीचे दार उघडे असते, आणि घाबरलेले मांजर महामार्गालगतच्या शेतात दिसेनासे होते. ‘पिंजरा कधी, कुठे आणि कसा उघडता?’ असे विचारल्यावर ‘गाडीची सर्व दारे-काचा बंद करून, गाडीच्या आतच’ हे उत्तर आले पाहिजे. ‘थोडे पाय मोकळे करायला बाहेर सोडतो’ हे उत्तर कुत्र्यासाठी ठीक. मांजरासाठी ते धोक्याचे आहे.

याखेरीज, वाटेत आजारी पडल्यास कोणत्या शहरात कोणत्या पशुवैद्यकाकडे नेणार, खर्च कोणी करायचा, मांजर हरवले किंवा दगावले तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर हवे. पैसे पावतीवर, शक्यतो टप्प्याटप्प्याने द्यावेत. मांजर ताब्यात गेल्यावर ‘विशेष पिंजरा’, ‘विमा’, ‘विमानतळाचे शुल्क’ अशी नवनवी कारणे काढून पैसे मागणे ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. शेरे वाचताना कौतुकापेक्षा तक्रारी वाचाव्यात आणि त्यांना सेवेने काय उत्तर दिले ते पाहावे. शक्य असल्यास आधी मांजर पाठवलेल्या एक-दोन कुटुंबांशी बोलावे; कुत्रा पाठवलेल्यांचा अनुभव इथे पुरेसा नाही. सेवेत कसूर झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी हाती कागद असला तरच काही सिद्ध होते.

सेवा हवीच का?

हे सगळे विचारण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. ओळखीचा आवाज आणि हात सोबत असणे हे मांजरासाठी कोणत्याही वातानुकूलित गाडीपेक्षा मोलाचे असते. रेल्वेच्या प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केली तर पाळीव प्राणी सोबत नेता येतो. ब्रेकव्हॅनमधील पेटीचा पर्यायही असतो, पण तिथला आवाज आणि उकाडा पाहता मांजरासाठी तो टाळलेलाच बरा. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये कुत्रा-मांजर नेण्याची सोय सुरू केली आणि एअर इंडियातही तशी मर्यादित सोय आहे. वजनाची मर्यादा पिंजऱ्यासह मोजली जाते आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीकडे चौकशी करावी. दोघा-तिघांत भाड्याची टॅक्सी करून स्वतः जाण्याचा खर्चही अनेकदा चांगल्या सेवेच्या आसपासच येतो.

सेवा घ्यायचीच ठरली तरी अर्धी तयारी घरातच होते. व्हिएन्नातील पशुवैद्यक विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना सहा आठवडे खाऊ देऊन पिंजऱ्याची सवय लावली गेली. गाडीतल्या प्रवासात या मांजरांत ताणाची लक्षणे सवय नसलेल्यांपेक्षा कमी दिसली. अभ्यास लहान असला तरी त्यातला धडा कोणालाही घरी वापरता येतो. पिंजरा माळ्यावरून आदल्या रात्री काढायचा नसतो. महिना-दीड महिना आधी तो घरात उघडा ठेवावा, आत मांजराची नेहमीची चादर घालावी, तिथेच खाऊ द्यावा. पिंजरा टणक, वरूनही उघडणारा आणि मांजराला उभे राहून वळता येईल एवढा असावा. त्यावर दोन्हीकडचे फोन क्रमांक ठळक लिहावेत. मायक्रोचिप बसवून घेणे चांगले, मात्र ती ओळख पटवते, ठावठिकाणा सांगत नाही.

नव्या घरी पोहोचल्यावर सगळे घर एकदम मोकळे न करता एका शांत खोलीत पाणी, खाणे, वाळूचा ट्रे आणि लपायला खोके ठेवावे. चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तोंडाने श्वास घेतला किंवा नर मांजर ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नये. जुन्या घराच्या ओढीने निघालेले मांजर अनोळखी शहरात परत सापडणे कठीण असते.

हा भार एकट्या पालकावर टाकून भागणार नाही. प्रवासाचे प्रमाणपत्र देताना पशुवैद्यकांनी सही-शिक्क्याबरोबर पाच मिनिटे उष्णता, पाणी आणि धोक्याच्या लक्षणांबद्दल सांगावे. वाहतूक सेवांनी १९७८ च्या नियमांतील पाणी, खाणे आणि सोबत्याच्या अटी आपल्या करारपत्रात छापाव्यात. जे हे नियम आधीपासून पाळतात, त्यांना त्यात गमावण्यासारखे काही नाही. आणि पालकांनी या अटी वाचून दाखवून, त्यांवर होकार घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दंड ५० रुपयांचाच राहिला तरी, प्रश्न विचारणारा ग्राहक दर वेळी समोर उभा राहू लागला, तर पिंजऱ्यातल्या मांजराला वेळेवर पाणी मिळेल.